दारफूरमध्ये शस्त्रे कुठून येतात?

गाझाचे व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पुढे पाठवले. सुदानमधल्या दारफूरचे किती जणांनी पाठवले? तिथे मरणारे मुसलमान आणि मारणारेही मुसलमान. मग बोट कुणाकडे दाखवायचे, हा आपला पेच.

दारफूरमध्ये शस्त्रे पाठवण्यावर संयुक्त राष्ट्रांची बंदी 2004 पासून आहे. तरीही नोव्हेंबर 2024 मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने दाखवून दिले की, तिथल्या ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाकडे संयुक्त अरब अमिरातीत बनलेल्या ‘निम्र अजबान’ चिलखती गाड्या आहेत आणि त्यांवर ‘गॅलिक्स’ ही फ्रेंच संरक्षण यंत्रणा बसवलेली आहे. त्यासाठी गुप्तहेर लागले नाहीत. लढाईत पकडलेल्या, जळालेल्या गाड्यांचे जे फोटो समाजमाध्यमांवर आले, तेच बारकाईने तपासले गेले. शस्त्रे पुरवत असल्याचा आरोप अमिरात फेटाळते. आपल्याला मात्र हे नाव उच्चारणेच जड जाते. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल दुबईच्या पगारावर पेटते, हे मान्य करू या.

असे फोटो-व्हिडिओ लाखोंनी असतात. सगळे बघायला माणसे पुरत नाहीत, तिथे एआय कामाला येते. सीरियातल्या व्हिडिओंमध्ये एक विशिष्ट क्लस्टर बॉम्ब शोधायचा होता, पण यंत्राला शिकवायला पुरेसे खरे फोटो नव्हते. तेव्हा ‘व्हीफ्रेम’ प्रकल्पाने त्या बॉम्बची संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती केली, धुळीत, ढिगाऱ्यात, वेगवेगळ्या उजेडात तिची चित्रे बनवली आणि त्यावर यंत्राला तयार केले. यंत्र फक्त ‘इथे बघा’ म्हणते. तो बॉम्बच आहे की पाइपचा तुकडा, हे माणसालाच ठरवावे लागते.

आणि हेच तंत्र पुरावा खाऊनही टाकते. 2017 मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने दहशतवादी मजकूर हटवण्याच्या नावाखाली सीरियातले असंख्य व्हिडिओ काढून टाकले. त्यांत अत्याचारांची गवाही देणारे व्हिडिओही होते. ‘सीरियन अर्काइव्ह’सारख्या गटांनी आधीच प्रती जपल्या होत्या, म्हणून काही वाचले.

म्हणून एआय येत नसले तरी एक काम आपल्याला जमते. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलला की त्याच्या फाइलमधली मूळ तारीख, जागा यांची नोंद पुसली जाते. त्याआधी मूळ लिंक, खाते आणि तारीख लिहून ठेवा. गाडी अमिरातीची निघाली तरीही.