बर्फावरची पहिली सहल : कपड्यांचा ताळेबंद

मैत्रिणींनो, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. वर्षाला सरासरी जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागातलं हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग उरेल त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. उसासारखं पाणी पिणारं पीक तिथं नकोच! यंदा मुलांनी गुलमर्गला, औलीला किंवा मनालीजवळच्या सोलंगला जाऊन स्कीइंग करायचा हट्ट धरला असेल, तर कपड्यांचा खर्चही असाच मांडा.

बहुतेक घरांत काय होतं? मुलांना जाकिटं, 'ह्यांना' बूट, आणि स्वतःची पाळी आली की "माझं काय, साडीवर स्वेटर चालेल!" मग सगळे बर्फावर घसरतात, आणि आपण त्यांच्या शाली नि पिशव्या सांभाळत कडेला कुडकुडत उभ्या! म्हणून यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहा.

आता यादीचे तीन भाग करा : विकत घ्यायचं, उसनं आणायचं आणि भाड्यानं घ्यायचं.

विकत घ्या ते अंगाला लागणारंच. आतला थर्मलचा जोड, लोकरीचे दोन-तीन मोजे आणि पाणी आत न शिरणारे हातमोजे. नुसते लोकरीचे हातमोजे बर्फात लगेच भिजतात. आत सुती बनियन किंवा जीन्स मुळीच नको. सुती कापड घाम आणि ओल धरून ठेवतं, आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब देते. हिवाळ्यात शहरोशहरी तिबेटी लोकांचा स्वेटर-बाजार भरतो, तिथं घासाघीस करून चांगला स्वेटर मिळतो.

उसनं आणा ते गॉगल, कानटोपी आणि मुलांचे स्वेटर. वाढत्या अंगाच्या मुलांना नवं घेऊन पैसे घालवू नका. ट्रेकला जाणारा भाचा किंवा शेजारीण नक्की मदत करील. गॉगल मात्र अतिनील किरण अडवणाराच हवा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. डोळे चुरचुरतात, चेहरा रापतो. उन्हाचं क्रीम आणि ओठांना व्हॅसलिन विसरू नका.

भाड्यानं घ्या ते वरचा जाड कोट, स्कीच्या पट्ट्या आणि त्यांचे बूट. हे सगळं तिथंच मिळतं. पावसाळी रेनकोटची विजार घरात असेलच. ती थर्मल आणि लोकरी विजारीवर चढवली की वारा आणि ओल दोन्ही अडतात.

आता पायांचं. स्कीचा बूट म्हणजे टणक प्लॅस्टिकचं कवचच. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर थोडी मागे यावीत आणि टाच वर उचलली जाऊ नये, हे दुकानातच बघा. थंडीच्या भीतीनं दोन मोजे चढवू नका. त्यांना चुण्या पडतात, पाय आवळतो आणि उलट जास्त गारठतो. एकच लांब मोजा, तोही कोरडा. आणि हो, जोडवी, पैंजण काढून पाकिटात ठेवा. त्या कवचात जोडवी बोटांना रुततात. सासूबाईंना कारण आधीच सांगून ठेवा, म्हणजे रुसवाफुगवा नको! काचेच्या बांगड्याही घरीच बऱ्या. पडणं तर ठरलेलंच आहे.

येण्याजाण्यासाठी घोट्यापर्यंतचा, खाचांच्या तळव्याचा बूट हवा. तो संध्याकाळी, जाड मोजा घालूनच बघा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. आयुष्यभर चपला घातलेल्या पायांना नवा बूट लागतोच, म्हणून निघण्याआधी पंधरा दिवस तो घालून चाला. नगरकडच्या मैत्रिणींनी एखाद्या रविवारी हिवरे बाजारलाच जावं. तिथल्या डोंगरउतारांवर पाणी जिरवण्यासाठी खणलेले समतल चरही बघून होतील, आणि बूट कुठं चावतो तेही कळेल. चावला तर घरी उपाय करता येतो, बर्फात नाही.

परत आल्यावर लोकरी कपडे कोमट पाण्यात हलक्या हातानं धुवा, पिळू नका, सावलीत आडवे वाळवा आणि डांबराच्या गोळ्या घालून ठेवा. पुढच्या वर्षी नणंद निघाली की तिची अर्धी यादी तुमच्याच कपाटातून पुरी होईल!