साडेनऊ हजारांचा ईसीयू आणि गंजलेला एक बोल्ट

पोस्ट जरा लांब आहे. पण घरात २०२० नंतर घेतलेली मोटारसायकल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझा चुलतभाऊ दूध घालतो. पहाटे पाचला किटल्या लावून निघायचं, सातच्या आत संकलन केंद्रावर पोचायचं. गेल्या महिन्यात गाडी दगा द्यायला लागली. कधी एका बटणात सुरू, कधी नुसतं टक-टक. चालू असताना मधेच बंद, मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा. दोन दिवस दूध उशिरा गेलं, एक दिवस परत आलं.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, चार-पाच कोड निघाले. निकाल लगेच: ईसीयू गेला. साडेनऊ हजार, आणि पार्ट यायला आठ-दहा दिवस. त्या दोन दिवसांतल्या गिऱ्हाइकांचे फोन आधीच चालू होते. दहा दिवस गाडी बंद म्हणजे धंदाच बसला असता.

शेवटी आम्ही गाडी ढकलत आमच्या वेशीजवळच्या गॅरेजवाल्या मामांकडे नेली. मामांनी आधी काही खोललं नाही. चारशे-पाचशेचा मल्टिमीटर काढला. बॅटरीला लावला: १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या धातूला, आणि मला म्हणाले, "दाब बटण." मीटरवर जवळपास दोन व्होल्ट. "हितं शून्याच्या आसपास पायजे," मामा म्हणाले. "करंट परत यायची वाटच तुंबलीय."

अर्थिंगची वायर चासीला जिथे बसते तो बोल्ट खोलला. खाली हिरवट-तांबडा गंज. प्रेशरच्या पाण्याने रोज गाडी धुतल्याची कमाई. पॉलिश पेपरने घासला, घट्ट आवळला, वरून थोडं ग्रीस. कोड पुसले, गाडी सुरू. आज पंचवीस दिवस झाले, कोड परत आलेला नाही.

आता यात स्कॅनर खोटं बोलला का? नाही. अर्थिंग खराब झालं की ईसीयूला कधी पुरेसा व्होल्टेज मिळतो, कधी नाही. मग तो एकदम चार सेन्सरच्या नावाने ओरडतो. कोड सांगतो की तक्रार कुठल्या सर्किटमध्ये आहे. कुठला पार्ट मेला हे तो सांगत नाही, ते माणसाने मोजून शोधायचं असतं. ताप आला म्हणून थेट ऑपरेशन करत नाहीत, तसंच हे.

आणि मोजणं फार अवघडही नाही. गाडी बंद असताना बॅटरी १२.४ ते १२.७ च्या आसपास हवी. इंजिन रेस केल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा. रेस करूनही आकडा वर सरकत नसेल तर नवी बॅटरी घालून उपयोग नाही, ती पण महिन्याभरात बसेल. दोष कॉइल, रेक्टिफायर नाहीतर मधल्या कपलरमध्ये शोधायचा. पंधराच्या वर जात असेल तर रेक्टिफायर बघा, नाहीतर बॅटरी उकळेल. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा फ्यूज किंवा तार लावू नका. वायर कुठेतरी सोलून चासीला टेकलीय, ती शोधा. हॅन्डल वळवल्यावर गाडी बंद पडत असेल तर हॅन्डलखालच्या वायरी आधी बघा.

मग माझा राग कुणावर? सर्व्हिस सेंटरमधल्या पोरावर नाही. त्याला दिवसाला इतक्या गाड्या उरकायच्या असतात. मोजत बसायला वेळ नाही, पार्ट बदलणं सोपं.

माझी तक्रार व्यवस्थेबद्दल आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण त्याबरोबर गाडीचं वायरिंग डायग्राम, कोडचा अर्थ, स्कॅनर हे सगळं कंपनीच्या दाराआड गेलं. मामांसारख्या माणसांनी तीस वर्षं तालुका चालता ठेवला. आज ते अंदाजाने आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंवर शिकतायत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहन क्षेत्रही होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. पण पोर्टलवर माहिती टाकायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर असेल तर त्याला हक्क कसं म्हणायचं? कायदा हवा: विकलेल्या प्रत्येक दुचाकीचं वायरिंग डायग्राम आणि कोडची यादी मराठीत, वाजवी किमतीत, कोणत्याही मेकॅनिकला मिळाली पाहिजे. आणि तालुक्याच्या आयटीआयने जुन्या मेकॅनिकांसाठी संध्याकाळचा महिनाभराचा वर्ग घ्यावा. मशीन तिथे आहेत, संध्याकाळी कुलूप असतं.

कुणी म्हणेल, सगळं उघडं केलं तर कुणीही ईसीयूत हात घालेल, प्रदूषणाचे नियम मोडेल, चोरांचं फावेल. मुद्दा खरा आहे. पण दोष वाचणं वेगळं आणि ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलणं वेगळं. दुसऱ्याला कुलूप राहू द्या, पहिलं मोकळं करा.

आता थोडं आपल्याबद्दल. मामांनी शंभर रुपये मागितले तर भाऊ म्हणाला, "मामा, एक बोल्ट तर घासलाय, शंभर कशाचे?" साडेनऊ हजार द्यायला जो तयार झाला होता, तोच! आपण पार्टचे पैसे निमूट देतो, डोक्याचे द्यायला कचरतो. मग मेकॅनिकनेही दोष शोधायचा कशाला? तोही उद्या पार्टच बदलेल. आणि स्वस्तात एलईडी, मोठा हॉर्न लावायला वायरी कापून टेप गुंडाळतो, ते पण आपणच.

मी भावाच्या खिशातून दोनशे काढून मामांना दिले. भाऊ अजून धुसफुसतोय.

तुमच्याकडे असा अनुभव असेल तर खाली लिहा. बिघाड काय सांगितला होता आणि निघाला काय, एवढंच लिहा. पन्नास अनुभव जमले तर आमदारांना आणि आयटीआयच्या प्राचार्यांना मी स्वतः नेऊन देतो.