नवी नळी, जुने सोपस्कार

माझा भाचा पन्नास मीटरची नेमबाजी करतो. बहिणीने बांगड्या मोडल्या, परवान्याचे सगळे खेटे झाले आणि शेवटी त्याच्या नावावर पॉइंट टू-टू रायफल आली. रामटेकहून नागपूरला सरावाला जायचे म्हणजे पन्नासेक किलोमीटर. पहिल्या दिवशीच्या तयारीत तो मला म्हणाला, "मामू, आधी नळी मुरवावी लागेल. एक गोळी झाडायची, नळी साफ करायची. असं वीस वेळा."

हे कुठून आले ते मला ठाऊक आहे. नळी तयार होताना आतल्या पोलादावर हत्याराचे बारीक ओरखडे राहतात, विशेषतः गोळी जिथून नळीत शिरते त्या घशाशी. मोठ्या रायफलीची गोळी तांब्याच्या आवरणाची असते. त्या ओरखड्यांवर ती घासते आणि तांबे नळीत चिकटते. म्हणून सुरुवातीला प्रत्येक गोळीनंतर तांबे काढा, ओरखडे हळूहळू गुळगुळीत होतील, असा हा हिशेब. काही नळीवाले स्वतःच असे सांगतात. उलट अमेरिकेतले नळी बनवणारे गेल मॅकमिलन म्हणत, की या प्रकाराने नळीचे आयुष्य कमी होते आणि नव्या नळ्या तेवढ्या खपतात. मोठ्या काडतुसाची स्पर्धेतली नळी काही हजार गोळ्यांतच थकते, तेव्हा या वादात निदान दम तरी आहे.

पण पॉइंट टू-टूचे काय? तिची गोळी शिशाची, वरून मेणासारखे वंगण लावलेली. तांब्याचा प्रश्नच नाही. शिवाय साफ केलेल्या नळीतून सुटलेल्या पहिल्या काही गोळ्या भरकटतात, आत वंगणाचा पातळ थर बसला की त्या एका जागी पडू लागतात. प्रत्येक गोळीनंतर सफाई म्हणजे तो थर बसूच न देणे. बिडाचा तवा मुरवायचा आणि दर पोळीनंतर राखेने घासायचा, असले हे काम. वर सफाईची सळई वाकडी गेली तर नळीच्या तोंडाची कड दुखावते. ते नुकसान मात्र कायमचे.

२०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकले, तेव्हापासून आमच्या पोरांना हा खेळ आपला वाटू लागला आहे. चांगलेच आहे. पण साध्या घरातल्या मुलाला परदेशी गोळ्यांचा पन्नासचा एक डबा म्हणजे काय, हे दुकानदाराचा पोरगा कधीच समजणार नाही. इसराफ पाण्याचा नको म्हणतात, मग गोळ्यांचा कशाला?

माझे मत मी त्याला सांगितले. कारखान्याचे तेल पुसून काढ. दहा गोळ्या झाड, एकदा साफ कर, मग जो डबा या नळीला मानवतो तो शोध. तीन-चार लॉट आजमावून पाहण्यात गोळ्या गेल्या तर त्या सत्कारणी लागल्या.

आणि परवाना खोक्याच्या वरच्या खिशात ठेव. मागे वाटेत एकदा नाव ऐकल्यावर त्याला पाऊण तास उभे केले होते. त्या दिवशी सरावाची वेळ गेली ती गेलीच. एवढ्या कष्टाने मिळालेला एकेक तास चिंध्या आणि ब्रशमध्ये घालवायचा?

रविवारी तो संध्याकाळी परतला तेव्हा डब्यात बारा गोळ्या उरल्या होत्या. निशाणाचा कागद त्याने आधी आईला दाखवला.