वांगणीच्या मुलांची ओळख कोण ठरवणार?

वांगणी म्हटलं की बहुतेकांना बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. आपण ज्या वांगणीबद्दल बोलणार आहोत ती वेगळी. ती पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, डोंगरपट्ट्यात आहे. जुन्या लोकांना ती 'वावर-वांगणी' या जोडनावाने आठवते, आणि एकाच कारणासाठी आठवते. १९९२-९३ मध्ये या परिसरात कुपोषण आणि आजारपणाने शंभराहून अधिक बालकं दगावली. राज्यभर खळबळ उडाली. पुढे १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली. त्यानंतर जव्हार-मोखाडा ही नावं वर्तमानपत्रात आली की सोबत 'कुपोषण' हा शब्द आलाच.

त्या काळात जी बाळं जगली, ती आज तिशी ओलांडून गेली आहेत. आज पहिली-दुसरीच्या वर्गात बसणारी कितीतरी मुलं त्यांचीच. म्हणजे एक पिढी त्या शब्दासोबत वाढली आणि आता दुसरी वाढते आहे. कुपोषण हा तिथल्या माणसांवर झालेला अन्याय होता. अन्यायाची आठवण ठेवलीच पाहिजे. पण माणसाची ओळख म्हणून तोच एक शब्द त्याच्या कपाळावर चिकटवणं, हा दुसरा अन्याय. तो पुसण्याचं काम शाळा करू शकते, असं माझं मत आहे.

या मातीत काय नाही?

जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी असे समाज राहतात. प्रत्येकाची बोली, गाणी, नाच, देव वेगळे. वाळलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाचं पान आणि मेण एवढ्या साहित्यातून इथला माणूस तारपा बनवतो. भात तयार व्हायला लागलं की तारपा वाजू लागतो आणि वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर धरला जातो. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्या तालुक्यातल्या किती मुलांना त्यांचं नाव सांगता येईल, हा प्रश्न आपण आपल्या वर्गात विचारून पाहावा.

वारली लग्नात धवलेरी गाणी म्हणते आणि सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. ही कला मुळात बायकांची, घरातली आणि विधीची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू भागातल्या चित्रकारांना कागद आणि रंग पुरवले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. आज ही चित्रं मोठ्या शहरातल्या हॉटेलांत, साड्यांवर, चहाच्या कपांवर दिसतात. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते हेच!

आणि कणसरी? कणसरी म्हणजे धान्याची देवी. घांगळी वाजवत भगत तिची कथा गातात. ज्या गावाला जग भुकेसाठी ओळखतं, त्याच मुलखातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या अन्नाच्या देवीचं गाणं गात आली आहेत. हे ज्या मुलाला कळेल, ते मूल आपल्या गावाकडे वेगळ्या नजरेने पाहील की नाही?

गॅदरिंगपुरती संस्कृती

आता शाळेत काय होतं ते पाहू. स्नेहसंमेलन आलं की 'आदिवासी नृत्य' बसवलं जातं. स्पीकरवर रेकॉर्ड केलेलं गाणं, भाड्याने आणलेला पोशाख. पाड्यावर तारपा वाजवणारा आजोबा बसलेला असतो, पण त्याला कोणी बोलावत नाही. शाळेच्या भिंतीवर वारली चित्रं असतात, ती बाहेरून आलेला पेंटर ऑईलपेंटने काढून जातो. ज्या मुलीच्या आजीने शेकडो चौक लिहिले, ती मुलगी खाली उभी राहून बघते.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला की तीच मुलगी आपल्या बोलीत उत्तर देते आणि आपण म्हणतो, "असं नाही बोलायचं, शुद्ध बोल." २६ जानेवारीला तिचा नाच चालतो, २७ जानेवारीला तिची भाषा अशुद्ध ठरते. मुलं हे बरोबर टिपतात. आपली गोष्ट दाखवायला चालते पण शिकायला चालत नाही, एवढं त्यांना समजतं. मग ती गप्प बसू लागतात. पहिलीत गप्प बसलेलं मूल चौथीत मागे पडतं आणि पुढे कधी शाळेतून गळालं ते हजेरीपटावरच दिसतं.

कोसबाडने दाखवलेली वाट

हे नवीन सांगणं नाही. आपल्याच जिल्ह्यात याचा वस्तुपाठ आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर रुजलं. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात नेऊ, या विचारातून अंगणवाडी आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. महागडी साधनं नव्हती, तर बिया, पानं, शंख-शिंपले, दगड हीच शैक्षणिक साधनं झाली. मुलाच्या परिसरातूनच शिक्षण सुरू झालं पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचं माध्यम असावी, असं सांगतं. स्थानिक कलावंत आणि कारागिरांना शाळेत मार्गदर्शक म्हणून घ्यावं, सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना शिकू द्यावं, हेही त्यात आहे. म्हणजे परवानगी आहे. प्रश्न आपल्या इच्छेचा आणि नियोजनाचा आहे.

आपल्याला काय करता येईल?

१. पहिली-दुसरीत मुलांच्या बोलीतले शब्द फळ्यावर लिहावेत आणि शेजारी प्रमाण मराठी शब्द लिहावा. एक शब्द खोडून दुसरा लिहू नये.

२. आजी-आजोबांच्या गोष्टी आणि गाणी मुलांनी ऐकून वहीत उतरवावीत. हा भाषेचा उत्तम स्वाध्याय आहे. वर्षाअखेरीस वर्गाचं स्वतःचं पुस्तक तयार होईल.

३. चौकातून चौरस, त्रिकोण, सममिती शिकवावी. तारप्यातून ध्वनी कसा तयार होतो, हे विज्ञानात घ्यावं.

४. शेवळं, टाकळा, कुरडू, करटोली अशा रानभाज्या आणि नागली-वरई यांची माहिती मुलांकडूनच गोळा करावी. इथे संस्कृती आणि पोषण एकाच ताटात येतात.

५. तारपावादक, धवलेरी, बोहाड्याचे मुखवटे करणारा कारागीर यांना वर्गात बोलावावं, आणि त्या दिवसाचं मानधन द्यावं. त्यांची मजुरी बुडवून नुसती शाल-नारळ देणं हा सन्मान नव्हे.

यात वेळापत्रकाचाही विचार हवा. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्टीवर आणि बांधकामावर भिवंडी, वसई, कल्याणकडे स्थलांतर करतात. मुलंही जातात. तारप्याचा हंगाम मात्र दिवाळीच्या आधी, म्हणजे पहिल्या सत्रात येतो. तेव्हा पट पूर्ण असतो. कलेवर आधारलेले पाठ याच काळात घेतले, तर मुलांना शाळेची ओढ लागते आणि गावी थांबण्याचं, निदान परत येण्याचं एक कारण मिळतं. होळीला माणसं घरी येतात. उन्हाळ्यात गावोगावी बोहाडा होतो, संबळ वाजतो, देवादिकांची सोंगं निघतात. सुट्टीचा अभ्यास म्हणून बोहाड्याची नोंद करायला सांगितली, तर किती जिवंत लेखन हाती येईल!

दोन आक्षेप

पालकच म्हणतात, "सर, तारपा आम्ही घरी शिकवू, तुम्ही इंग्रजी शिकवा." त्यांचं म्हणणं रास्त आहे. इंग्रजी, गणित, संगणक यांत एक तासही कमी करू नये. वांगणीच्या मुलीने डॉक्टर व्हावं, इंजिनिअर व्हावं. तिने चित्रकारच व्हावं असं आपण ठरवणारे कोण? बोलीतून सुरुवात झाली तर मराठी पक्की होते, आणि मराठी पक्की झाली की इंग्रजीची भीती कमी होते. कला ही इथे शिकण्याची पायरी आहे, अडसर नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोठा आहे. तारप्याने पोट भरतं का? नाही भरत. कुपोषणाला रोजगार, दवाखाना, रस्ता, स्वच्छ पाणी आणि वेळेवर मिळणारं धान्यच लागतं. 'समृद्ध आदिवासी संस्कृती' असं म्हणत कोणी या मागण्यांवर पडदा टाकत असेल, तर त्याला आपण शिक्षकांनीच विरोध केला पाहिजे. पण हेही लक्षात घ्यावं, की ज्याला आपल्या भाषेची लाज वाटते तो माणूस सरकारी कचेरीत उभा राहून हक्काचं मागायला कचरतो. आपल्या घराचा अभिमान असलेलं मूल उद्या मान वर करून प्रश्न विचारेल. रेशन का आलं नाही, डॉक्टर का नाहीत, हे विचारण्याचं बळ आत्मसन्मानातून येतं.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. नकाशावर नवी ओळख मिळाली. पण जिल्ह्याची खरी ओळख सरकारी आदेशाने तयार होत नाही, ती पाड्यावरच्या एकशिक्षकी, दोनशिक्षकी शाळांत घडते. आपल्यापैकी बरेच जण बाहेरच्या जिल्ह्यांतून इथे आलो आहोत. इथली बोली आपल्याला येत नाही, हे खरं. तर मग या सत्रात मुलांकडून रोज पाच शब्द शिकूया. गुरुजी आपली भाषा शिकतात, हे पाहूनच वर्गातली अर्धी मुलं बोलती होतील.