माझा तो एक तास

कामशेत, ता. मावळ

बेरोजगारीची व्याख्या ठरवणाऱ्या मान्यवरांस,



मी बी.कॉम. आहे. लग्न होऊन इथे आले त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून नोकरी शोधते आहे. दुपारी सासरे जेवून आडवे झाले की त्यांच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर तासभर बसते. इंद्रायणी तांदूळ तोलून देते, उधारीची वही लिहिते. पगार नाही, आणि घरच्या दुकानात सुनेनं पगार मागायची रीतही नाही. परवा तुमच्या व्याख्या सावकाश वाचल्या, तेव्हा कळलं की मी बेरोजगार नाहीच. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करते म्हणून माझी गणना स्वयंरोजगारात होते!

हसण्यावारी नेणार होते, पण जमलं नाही. लागलं मनाला.

मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलं, की साप्ताहिक मापात माणूस कामावर धरायचा, हा तुमचा एक नियम. दुसरा वर्षाचा. वर्षाचा मोठा भाग काम शोधण्यात गेला, तरी जोडकामाचे ३० दिवस भरले की माणूस रोजगारात. आमचे भावोजी आयटीआय झालेले फिटर. तळेगावला ठेकेदाराकडे होते. गेल्या वर्षी 'ब्रेक' दिला, तो अजून संपलेला नाही. बायोडाटाच्या झेरॉक्स घेऊन लोकलनं जातात, गेटवरून परत येतात. मग आवणीला घरच्याच खाचरात उतरतात. आवणी, कापणी, झोडणी मिळून महिना-सव्वा महिना भरतो. झालं, भावोजी रोजगारात! दिवसभर घरात राबणाऱ्या माझ्या जाऊबाई तर श्रमबळातच नाहीत. त्या कुणीच नाहीत. आणि २०२३-२४ ची देशाची बेरोजगारी ३.२ टक्के, ती याच वार्षिक मापानं काढलेली.

एक तासाचा नियम तुम्ही लहरीनं केलेला नाही, हे मी जाणते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या ठरावापासून तो जगभर रुळला. देशाच्या उत्पादनात गेलेले सगळे श्रम हिशेबात यावेत, हा त्यामागचा हेतू. म्हणजे मी तोललेला तांदूळ हिशेबातून सुटू नये, म्हणून मी रोजगारात. तांदळाची काळजी घेतलीत, बरं केलंत. माझी कुणी घ्यायची?

आणि हे आधी कुणाला सुचलंच नव्हतं असं नाही. जिथे बहुतेक माणसं घरच्या शेतीत नि धंद्यात गुंतलेली, तिथे बेरोजगारी एका आकड्यात मावत नाही, हे दांतवाला समितीनं १९७० सालीच सांगितलं होतं. त्यातूनच १९७२-७३ पासून वार्षिक, साप्ताहिक आणि दैनिक अशी तीन मापं आली. दैनिक मापात अर्धा दिवससुद्धा धरला जाई. आमच्या दुखण्याच्या जवळ जाणारं माप तेच होतं. २०१७ पासूनच्या नव्या पाहणीत मात्र मुख्य दर वार्षिक आणि साप्ताहिक, असे दोनच.

आपल्याच राज्यानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांच्या त्या योजनेत खेड्यातला प्रौढ माणूस अंगमेहनतीचं काम मागायला आला, की त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक होतं. गेल्या आठवड्यात तासभर काही केलंस का, असं विचारून त्याला परत पाठवायचं नव्हतं. तुमचं माप मी काय केलं ते विचारतं. मला काय हवं आहे, हा प्रश्न त्यात मागे पडतो.

तुमचा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. एवढीच विनंती, की टक्केवारी जाहीर कराल तेव्हा त्याच ओळीत आणखी तीन गोष्टी सांगा : किती जण बिनपगारी राबतात, आठवड्याला किती तास काम मिळतं, आणि आणखी काम किती जणांना हवं आहे. माहिती तुमच्या तक्त्यांत कुठेतरी असेलही, पण आमच्या गल्ल्यावरच्या वर्तमानपत्रापर्यंत पोचतो तो एकच आकडा. तो वाचून सासरे म्हणाले, "देशात कामं आहेत की गं, तूच नीट शोधत नाहीस."

दोन वाजत आले. त्यांचं ताट वाढायचं आहे. मग माझा रोजगार सुरू होईल.

कळावे,
दुकानातली एक मदतनीस