मोटार बसवलेली सायकल आणि ‘मूळ रूपा’चे थोतांड

१/ जुन्या वाहनांच्या प्रदर्शनात इंजिन बसवलेली सायकल दिसली की गर्दी थबकते. रंग काचेसारखा, हँडल आरशासारखे आणि शेजारी अभिमानाची पाटी : ‘मूळ रूपात पुनरुज्जीवित’. माझे म्हणणे असे की, या वाहनाच्या बाबतीत ही पाटी बहुधा खोटी असते आणि ते खोटे उभे करताना एक खरा ऐतिहासिक पुरावा नष्ट झालेला असतो. हे विधान कठोर वाटेल. म्हणून ते सिद्ध करण्याची जबाबदारी माझी.

२/ प्रथम वस्तू समजून घेऊ. मोटारसायकल कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडते. मोटार लावलेल्या कित्येक सायकलींचे तसे नव्हते. कारखाना विकत असे ते केवळ इंजिन, सोबत टाकी, नळी, पट्ट्या आणि नटबोल्ट. सायकल गिऱ्हाइकाची, पुष्कळदा घरात आधीच असलेली. दोहोंचे लग्न लागे ते कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात किंवा घरामागच्या अंगणात.

३/ इटलीचे उदाहरण घ्या. १९२६ साली स्थापन झालेली ड्युकाटी ही रेडिओचे सुटे भाग बनवणारी कंपनी. ऑक्टोबर १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात तिचा बोलोन्याचा कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर तिने हाती घेतले ‘कुच्चोलो’ : आल्दो फारिनेल्ली यांनी आखलेले, ट्युरिनच्या सियाता कंपनीने बाजारात आणलेले ४८ सीसीचे चिमुकले फोर-स्ट्रोक इंजिन. कुच्चोलो म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. धुराड्याच्या भुंकण्यासारख्या आवाजावरून पडलेले नाव. आज जिच्या गाड्यांची किंमत लाखांत मोजतात, त्या ड्युकाटीचा दुचाकींतला प्रवास दुसऱ्यांच्या सायकलींना टांगलेल्या इंजिनापासून सुरू झाला.

४/ जपानची कथा याहून बोलकी आहे. १९४६ साली हामामात्सु येथे सोइचिरो होंडा यांच्या हाती लष्करी बिनतारी संचांच्या जनित्रांची शिल्लक इंजिने लागली. त्यांनी ती सायकलींना जोडली. पहिल्या प्रयोगात इंधनाची टाकी म्हणून चक्क अंथरुणात शेकायची गरम पाण्याची बाटली वापरली गेली. पेट्रोल दुर्मीळ, म्हणून त्यात टर्पेंटाइन मिसळले जाई. जुनी इंजिने संपल्यावर १९४७ मध्ये स्वतःचे ‘ए-टाइप’ इंजिन आले. आता सांगा, त्या पहिल्या सायकलींचे ‘फॅक्टरी रूप’ कोणते? लष्कराचे, सायकल कारखान्याचे की शेकायच्या बाटलीचे?

५/ अमेरिकेत १९३९ पासून ‘व्हिझर’ची इंजिने सायकलींना लावण्यासाठी विकली जात, युद्धकाळात ती संरक्षण उद्योगातल्या कामगारांना कामावर जाण्यासाठी मिळत. ब्रिटनमध्ये १९५० साली पेट्रोलचे रेशनिंग संपले आणि त्याच वर्षी ‘सायकलमास्टर’ आले : सायकलीचे मागचे चाक काढा आणि पोटात २५.७ सीसीचे इंजिन असलेले चाक बसवा. ते बनवत होती ईएमआय, म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी.

६/ अपवादही नोंदवला पाहिजे. १९४६ पासून विकली गेलेली फ्रान्सची ‘व्हेलोसोलेक्स’ पूर्ण वाहन म्हणूनच विकली जाई. इंजिन पुढच्या चाकावर आणि एक रूळ टायरवर घासून चाक फिरवणारा. तिच्या बाबतीत ‘कारखान्यातून निघाली तशी’ या शब्दांना अर्थ आहे. माझा वाद आहे तो सुट्या इंजिनांच्या बाबतीत.

७/ अशा वाहनाचा खरा निर्माता कोण? इंजिनवाला नव्हे, सायकलवालाही नव्हे. ते दोन्ही जोडणारा अनाम माणूस. लोहाराकडून ठोकून घेतलेली पट्टी, वजन पेलावे म्हणून वेल्डिंग करून मजबूत केलेला पुढचा चिमटा, नंतर लावलेला जादा ब्रेक, डब्यासाठी वाकवलेले कॅरिअर. संग्राहक यांना ‘छेडछाड’ म्हणतात. ही छेडछाड नव्हे. हेच ते वाहन आहे.

८/ आणि प्रत्यक्षात घडते काय? इंजिन उतरवले जाते. ‘चुकीची’ सायकल भंगारात जाते. त्याच काळातली देखणी, महागडी सायकल शोधून तिच्यावर इंजिन चढवले जाते. मग सँडब्लास्टिंग, पावडर कोटिंग, नवे क्रोम. हाती येते ते जगातल्या कोणत्याही रस्त्यावर कधीही न धावलेले वाहन. मोडी दप्तरातला कागद फाडून त्यातला मजकूर सुवाच्य अक्षरात नव्या कागदावर उतरवला, समासातल्या नोंदी गाळल्या आणि वर ‘अस्सल’ असा शिक्का मारला, तर आपण गप्प बसू काय?

९/ ही खोड आली कोठून? श्रीमंतांच्या मोटारींच्या स्पर्धांतून. तेथे परीक्षक कारखान्याच्या कॅटलॉगशी ताडून गुण देतात. पण मोठ्या मोटारीमागे पावत्या असतात, छायाचित्रे असतात, मालकाचे नाव असते. कामगाराच्या सायकलीमागे काहीच नसते. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही, तैलचित्र काढून घेतले नाही. त्याच्या रोजच्या जगण्याची जी थोडी साक्ष उरली, ती त्या पट्टीत, त्या ओरखड्यांत, हाताने फासलेल्या दुसऱ्या रंगात. ती खरवडणे म्हणजे त्याला इतिहासातून दुसऱ्यांदा हाकलणे होय.

१०/ यावर पहिला आक्षेप : मग गंज खाऊ द्यायचा? मुळीच नाही. गंज थांबवणे आणि खुणा पुसणे ही दोन वेगळी कामे आहेत. हलके तेल, मऊ घासणी, वर मेणाचा पातळ थर. संग्रहालयेही धातूच्या वस्तूंना मेण लावतात. दुसरा आक्षेप : ब्रेक, टायर, केबल जुनेच ठेवून मरायचे काय? तेही नाही. रस्त्यावर आणायची असेल तर झिजणारे भाग जरूर बदला. ते वापरणाऱ्यानेही बदललेच होते.

११/ हा काही माझा खासगी हट्ट नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंबाबत तत्त्व मांडले की, जेथे तर्कटाला सुरुवात होते तेथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिवा हिने त्याच धर्तीवर २०१२ साली ट्युरिन सनद स्वीकारली आणि जतनाला नूतनीकरणाच्या वरचे स्थान दिले. कुच्चोलो ज्या शहरातून बाजारात आले, त्याच शहराचे नाव या सनदेला असावे, हा सुंदर योगायोग.

१२/ म्हणून असे वाहन हाती आले, तर क्रम हा असावा. एक : स्पॅनर हाती घेण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे. दोन : घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कोणी, कशासाठी, कोठे चालवली याची लेखी नोंद. तीन : रंगाचे थर एखाद्या झाकल्या जागी इंचभरच उघडून पाहणे. चार : काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून डब्यात, भंगारवाल्याकडे नव्हे. पाच : नवे ते असे बसवा की उद्या कोणाला ते काढता येईल.

१३/ तिसरा आक्षेप मालकीचा : वस्तू माझी, पैसे माझे, मी गुलाबी रंगही देईन. द्या. कायदा आपल्या बाजूने आहे. मात्र मग पाटीवर ‘मूळ रूप’ लिहू नका. ‘अमुक इंजिन, अमुक साली दुसऱ्या सायकलीवर बसवले, रंग नवा’ असे लिहा. मालकी हक्काने रंग बदलता येतो, भूतकाळ बदलता येत नाही.

१४/ हा प्रश्न इटली-जपानपुरता नाही. मोटार लावलेल्या सायकलीची पुढची पिढी म्हणजे पेडलची मोपेड, आणि आपल्याकडे ती १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगच्या ‘लूना’च्या रूपाने आली. लूना कारखान्यातून पूर्ण बाहेर पडे, हे खरे. पण तिच्यावर दुधाच्या कॅनसाठी जोडलेला लोखंडी आकडा कॅटलॉगमध्ये शोधून सापडणार नाही.

१५/ कॅटलॉग छापील असतो. त्याच्या प्रती कोठे ना कोठे मिळतील. दूधवाल्याचा आकडा एकच असतो. उद्या एखादी लूना नवी करायला काढाल, तेव्हा पहिला घाव त्या आकड्यावर घालू नका.