मणक्याचं किंवा मेंदूचं ऑपरेशन सांगितलंय? सर्जन निवडताना रीलपलीकडे काय बघायचं?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'डिस्क बल्ज' असं लिहून येतं. डॉक्टर सांगतात, "गादी सरकलीय, नस दबलीय, ऑपरेशन करावं लागेल." घरातलं कुणीतरी मोबाईलवर 'बेस्ट स्पाइन सर्जन' सर्च करतं आणि पुढचे काही दिवस फीडमध्ये ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी चालणारे पेशंट दिसायला लागतात. कमेंटमध्ये हात जोडलेले इमोजी असतात. अनेक कुटुंबांचा निर्णय इथेच पक्का होतो. पण मेंदू आणि मणक्याच्या बाबतीत हा निर्णय चुकला तर तो सहज दुरुस्त करता येत नाही.

डॉक्टरांच्या जाहिरातींबद्दल नियम काय आहे?

भारतात डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. जाहिरात करून पेशंट मिळवायला या नियमांत मनाई आहे. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणंही चालत नाही. आपल्याकडे त्यालाच 'कट प्रॅक्टिस' म्हणतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) नवे नियम आणले. लाइक्स आणि फॉलोअर्स विकत घेऊ नयेत, सर्चमध्ये वर येण्यासाठी पैसे देऊ नयेत, पेशंटचे अनुभव मागून सोशल मीडियावर टाकू नयेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण त्याच महिन्यात या नियमांना स्थगिती मिळाली. त्यामुळे स्क्रीनवर सगळ्यात वर दिसणारं नाव तिथे कशामुळे पोचलं, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. शिवाय ज्या पेशंटला ऑपरेशनचा फायदा झाला नाही, त्याचं रील कुणी बनवत नाही.

न्यूरोसर्जन, न्यूरोलॉजिस्ट की ऑर्थोपेडिक?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. न्यूरोलॉजिस्ट औषधांनी उपचार करतात, ते ऑपरेशन करत नाहीत. मेंदूच्या गाठीचं किंवा रक्तस्रावाचं ऑपरेशन न्यूरोसर्जन करतात. एमबीबीएस आणि एमएसनंतर तीन वर्षांचा एमसीएच हा त्यांच्या शिक्षणाचा नेहमीचा मार्ग. डीएनबी किंवा डीआरएनबी या पदव्याही मान्यताप्राप्त आहेत.

मणक्याचं ऑपरेशन मात्र न्यूरोसर्जनही करतात आणि मणक्याचं खास प्रशिक्षण घेतलेले ऑर्थोपेडिक सर्जनही. मज्जारज्जूच्या आतली गाठ असेल तर साधारणपणे न्यूरोसर्जनकडे जावं लागतं. पाठीचा कणा वाकडा झाला असेल, म्हणजे स्कोलिओसिस, तर बहुतेकदा ऑर्थोपेडिक स्पाइन सर्जनकडे पाठवतात. सरकलेल्या गादीसाठी दोघांपैकी कुणीही चालतं. पदवीपेक्षा, ते हेच काम रोज करतात का, हे जास्त महत्त्वाचं.

नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषद किंवा एनएमसीच्या वेबसाइटवर तपासता येतो. नावापुढे 'फेलोशिप' लिहिलेली असेल तर ती कुठे केली आणि किती दिवसांची होती, हे विचारावं. फेलोशिप वर्षभराची असते, तशी काही आठवड्यांचीही असते.

ऑपरेशन खरंच लागणार आहे का?

सर्जन कोण, याआधी हा प्रश्न येतो. २०१५ मध्ये पाठदुखी नसलेल्या लोकांच्या स्कॅनबद्दलच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांमध्ये डिस्क बल्ज दिसला आणि ऐंशीच्या वयात ८४ टक्के लोकांमध्ये. यातल्या कुणालाच त्रास नव्हता. म्हणजे रिपोर्टमधला शब्द हा आजार असतोच असं नाही. रिपोर्ट आणि पेशंटची लक्षणं जुळायला हवीत.

नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २८३ पेशंटवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं लवकर ऑपरेशन करायचं ठरलं, तर दुसऱ्या गटाला आधी औषधं आणि व्यायामावर ठेवलं. ऑपरेशनने दुखणं लवकर थांबलं, पण वर्षभरानंतर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावं लागलं. याचा अर्थ ऑपरेशन वाईट असा नाही. अनेकांच्या हातात विचार करायला वेळ असतो, एवढाच.

मग वेळ कधी नसतो?

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या भागाची आणि गुदद्वाराजवळची जागा बधिर होणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, ही मणक्याच्या इमर्जन्सीची लक्षणं आहेत. अचानक तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एकदम सुरू होणं, ही मेंदूची. अशा वेळी सर्जन शोधत बसू नये. सीटी स्कॅन, आयसीयू आणि न्यूरोसर्जरीची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठावं.

सर्जनला काय विचारायचं?

• असं ऑपरेशन तुम्ही वर्षाला साधारण किती करता?
• माझं ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का?
• ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?
• तुमच्या पेशंटमध्ये कोणते त्रास उद्भवले? पुन्हा ऑपरेशन किती जणांना लागलं?
• रात्री अडचण आली तर हॉस्पिटलमध्ये कोण असतं?

यातला कुठलाही प्रश्न उद्धट नाही. संमतीपत्रावर सही घेण्याआधी उपचार, धोके आणि पर्याय समजावून सांगणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलंय.

सेकंड ओपिनियन घेतलं तर डॉक्टर रागावतील?

सेकंड ओपिनियन हा पेशंटच्या हक्कांच्या सनदेतला हक्क आहे. मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यावीत, असं २००२ चे नियम सांगतात. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना फक्त रिपोर्टचा कागद नेऊ नये. एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी सोबत न्यावी, कारण सर्जनला चित्रं बघायची असतात. शक्यतो पहिल्या डॉक्टरने सुचवलेल्या नावाऐवजी वेगळ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरचं मत घ्यावं.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण हॉस्पिटल योजनेत आहे एवढं पुरत नाही. तुमचं नेमकं ऑपरेशन तिथे योजनेत होतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारावं. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज या सरकारी-पालिका हॉस्पिटलांत न्यूरोसर्जरीचे विभाग आहेत. तिथे रांग मोठी असते, पण अवघड केसेस तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या कामाचा भाग असतात. पैसे उसने घेऊन तारीख पक्की करण्याआधी तिथल्या ओपीडीत एकदा फाइल दाखवली, तर बहुतेक घरांना परवडेल असं सेकंड ओपिनियन मिळू शकतं.